ओवी कुणाची, नकार कुणाचा?



केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागानं ८ डिसेंबर २०२५ रोजी एक मसुदा चर्चेसाठी खुला केला. कृत्रिम बुद्धिमत्तेची, म्हणजे एआयची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या लोकांचं लिखाण, गाणी, चित्रं वापरतात. त्याचा मोबदला कुणाला आणि कसा द्यायचा, हा त्याचा विषय. त्यावर चर्चा झाली ती प्रकाशक, संगीत कंपन्या, वर्तमानपत्रं आणि सॉफ्टवेअर कंपन्या यांच्यात. वाशी, भूम, कळंब भागात जात्यावर किंवा आराधी मेळ्यात गाणाऱ्या बायकांना कुणी विचारलेलं नाही. पण या मसुद्यात जे ठरायचंय ते आपल्या कपाटातल्या कॅसेटींबद्दल आणि आपल्या जुन्या अंकांबद्दलही ठरायचंय, म्हणून या वेळचं संपादकीय त्यावर.

आधी मसुदा काय म्हणतो ते पाहू. ही यंत्रं शिकतात ती माणसांनी केलेल्या मजकुरावर. कोट्यवधी पानं आणि हजारो तासांचा आवाज त्यांना पुरवला, की कुठल्या शब्दामागं कुठला शब्द येतो, कुठला सूर कसा वळतो, याचा अंदाज त्यांना बांधता येतो. त्या जोरावर ती नवं लिखाण, नवं गाणं तयार करून देतात. असा वापर करण्याआधी मालकाची परवानगी लागते का, यावर जगभर खटले चालले. आपल्याकडे एएनआय या वृत्तसंस्थेनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआय कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ खाजगी वापर आणि संशोधन, टीका-समीक्षा, चालू घडामोडींची बातमी अशा कामांसाठी विनापरवाना वापराची सूट देतं. यंत्राला शिकवणं त्या सुटीत बसतं की नाही, हा वादाचा गाभा. सरकारी समितीनं सुचवलेला तोडगा असा: कंपन्यांनी कायदेशीर मार्गानं हाती आलेला सगळा मजकूर वापरावा, त्यातून कमाई होऊ लागली की रॉयल्टी भरावी. दर सरकारनं नेमलेली समिती ठरवील, पैसे एकच मध्यवर्ती संस्था गोळा करून वाटील. आणि ज्याचा मजकूर आहे त्याला ‘माझा वापरू नका’ असं म्हणता येणार नाही.

या शेवटच्या अटीकडे नंतर येते. आधी ओवीचं बघू.

वाशीतल्या एका बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एका मावशींनी विचारलं, ‘‘ववी माझ्या आईची. तिनं तिच्या आईकडनं घेतली. मग पैसं कुणाला देत्याल?’’ कायद्याच्या पुस्तकात या प्रश्नाला धड उत्तर नाही. कॉपीराइटला एक कर्ता लागतो, आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालतो. ओवीला कर्ती एक नसते. एकीनं रचलेल्या ओळीत दुसरी आपल्या भावाचं नाव घालते, तिसरी तिला सासरचं दुःख जोडते, चौथी तीच चाल धरून बाबासाहेबांवर गाते. माहेरची ओवी सासरी जाते आणि तिथल्या बोलीत बसते. कायद्याच्या लेखी ही सगळी ‘लोकपरंपरा’, म्हणजे कुणाचीच नाही. आणि जे कुणाचंच नाही ते उचलायला कुणाचीच आडकाठी नाही.

हा साठा थोडाथोडका नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याजवळच्या मावळ-मुळशीच्या डोंगरी गावांतल्या बायकांबरोबर काम करता करता ओव्या टिपायला सुरुवात केली. पुढं त्यांचे सहकारी महाराष्ट्रभर फिरले. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त गायिका आणि एक लाखाहून जास्त ओव्या. शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण झालं, बर्नार्ड बेल या फ्रेंच अभ्यासकानं ते सगळं संगणकावर नीट लावलं. त्यात आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये टेप केलेल्या आंबेडकरी ओव्या आहेत. पॉइटवाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. २०१७ पासून ‘पारी’ हे संकेतस्थळ या ओव्या अनुवादासह लोकांपुढे आणू लागलं. गायिकेचं नाव, तिचं गाव, जात, तिच्या घरची माणसं, मिळाला तर फोटो, हे सगळं ते ओवीबरोबर देतात. ही साधी शिस्त वाटते, पण तीच महत्त्वाची आहे. यंत्राच्या पोटात ओवी गेली की पहिलं काही गळून पडत असेल तर ते हेच: नाव, गाव आणि जात.

आता कायद्यातली एक बाजू, जी आपल्यातल्या पुष्कळजणींना माहीत नसते. ओवीच्या शब्दांवर हक्क सांगता येत नसला तरी गाण्यावर सांगता येतो. १९९४ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि ‘सादरकर्त्याचा हक्क’ आला, कलम ३८. गाणारी, वाजवणारी, नाचणारी, कुणीही यात येते. तिथं नामांकित असण्याची अट नाही. १९९९ च्या दुरुस्तीनं या हक्काची मुदत ५० वर्षं झाली, आणि २०१२ च्या दुरुस्तीनं आपलं नाव लावलं जाण्याचा, आपल्या गाण्याची मोडतोड रोखण्याचा हक्कही सादरकर्तीला मिळाला. म्हणजे १९९६ साली कुणी मावशींची ओवी टेप केली असेल, तर त्या गाण्यावरचा त्यांचा हक्क २०४६ च्या अखेरपर्यंत चालतो. शब्द सगळ्यांचे असतील, पण तो गळा, ती धाप, जात्याच्या घरघरीवर धरलेला तो सूर एका बाईचा आहे, आणि हे कायदासुद्धा मानतो. अडचण एवढीच की हे मावशींना कुणी सांगितलं नाही. त्या काळी संमती तोंडी असे. ‘‘टेप लावू का?’’ ‘‘लाव की.’’ ती संमती अभ्यासासाठी होती, फार तर आकाशवाणीसाठी. त्या आवाजावर एखादं यंत्र शिकेल आणि उद्या परक्या माणसाच्या हुकमावर त्या ढंगात गाऊन दाखवील, ही गोष्ट तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. ‘लाव की’ या दोन शब्दांत ती कशी बसवायची?

नामवंतांचं बरं चाललंय. अरिजित सिंग यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या एआय साधनांना मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये चाप लावला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं आशा भोसले यांच्या आवाजाला तसंच संरक्षण दिलं. आशाताईंनी ही लढाई लढली याचा आनंदच आहे, आपल्यापैकी कोण त्यांच्या गाण्यावर वाढलेली नाही? पण हा हक्क उभा आहे तो त्यांच्या प्रसिद्धीवर. आवाजाला बाजारात किंमत आहे, म्हणून तो चोरला तर नुकसान. येडेश्वरीच्या वाटेवर रात्रभर गाणाऱ्या आराधिणीच्या आवाजाची बाजारात किंमत काय, असं न्यायालयानं विचारलं तर तिनं काय पुरावा द्यायचा?

बहिणाबाईंचं उदाहरण इथं आठवतं. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. त्या बोलायच्या आणि घरचे टिपून घ्यायचे. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या, कविता पुस्तकरूपानं आल्या १९५२ साली, मुलगा सोपानदेव आणि आचार्य अत्रे यांच्यामुळं. शेतात राबणारी, जात्यावर गाणारी एक बाई कायद्याच्या नजरेत ‘कवी’ ठरली, कारण घरात कागद-पेन धरणारं कुणी होतं. आज तो हक्क संपलेला आहे, त्या कविता सर्वांच्या आहेत आणि यंत्रालाही खुल्या आहेत. याबद्दल तक्रार नाही. खानदेशातल्या आणखी किती बायका तशाच गात होत्या आणि त्यांच्या घरात टिपणारं कुणी नव्हतं, एवढंच मनात येतं.

टिपणं, नोंदणं यावरच नव्या रॉयल्टीची सगळी मदार आहे. अमेरिकेत अँथ्रॉपिक या एआय कंपनीनं २०२५ मध्ये लेखकांशी दीड अब्ज डॉलरची तडजोड केली, कारण तिनं चोरीच्या ग्रंथसंग्रहांतून पुस्तकं उतरवून घेतली होती. दर पुस्तकामागं सुमारे तीन हजार डॉलर. रक्कम ऐकून डोळे फिरतात. पण ती मिळायला पात्र ठरली ती तिथल्या कॉपीराइट कार्यालयात ठराविक मुदतीत नोंदलेली पुस्तकंच, जवळपास पाच लाख. आपल्याकडे कॉपीराइटसाठी नोंदणी सक्तीची नाही, लिहिल्याक्षणी हक्क मिळतो. नव्या व्यवस्थेत मात्र पैसा पोचायचा तर कुठल्या तरी यादीत नाव लागणार. त्या यादीत सिनेमाची गाणी असतील, मोठ्या प्रकाशकांची पुस्तकं असतील. आपल्या त्रैमासिकाच्या अंकात ‘एक मैत्रीण’ एवढ्याच सहीनं लिहिणारी बाई कुठल्या यादीत असेल?

वाशीच्या आसपासच्या वाचकांना हे लगेच कळेल. दसरा झाला की टोळ्या उसाला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती नवऱ्याच्या हातात, हिशेब त्याच्या नावावर. मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवणाऱ्या बाईचं नाव वहीत नसतं. उचल वाढवून मागा, दर वाढवून मागा, तिच्या हातात काही पडत नाही, कारण वही मांडणाऱ्यानं तिला वेगळी धरलेलीच नाही. रॉयल्टीची वही कोण मांडणार आणि तिच्यात ‘कोयता’ कशाला म्हणणार, हे आत्ताच विचारलं पाहिजे. दर किती टक्के ठेवायचा, ही चर्चा करायला बाकीचे पुष्कळ आहेत.

शिवाय एकच संस्था म्हटली की तिच्यात खुर्ची कुणाची, हा प्रश्न आलाच. कॉपीराइट कायद्यानुसार एका प्रकारच्या कृतींसाठी साधारणपणे एकच सोसायटी नोंदली जाते. सिनेसंगीतात याचा अनुभव घेऊन झाला आहे. गीतकार-संगीतकारांच्या नावानं असलेल्या सोसायटीचा कारभार संगीत कंपन्यांच्या हाती गेला, आणि रॉयल्टीतला आपला हिस्सा कायद्यानं पक्का करून घ्यायला लिहिणाऱ्यांना २०१२ ची दुरुस्ती होईपर्यंत भांडावं लागलं. ते तर मुंबईतले नावाजलेले लोक होते. उलट चांगली चालणारी सोसायटी काय करू शकते तेही दिसलं: नोव्हेंबर २०२५ मध्ये जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयानं गाण्यांच्या शब्दांवरून ओपनएआयविरुद्ध निकाल दिला, तो ‘गेमा’ या तिथल्या संगीतकार-गीतकारांच्या सोसायटीनं लढलेल्या खटल्यात.

आता नकाराकडे.

आपली नियतकालिकं नुसती लेख-कवितांची नाहीत. टाकलेल्या बायकांच्या हकिगती आपण छापल्या. हुंड्यापायी जळलेल्या मुलींच्या आयांचं बोलणं छापलं. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची प्रकरणं २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातून पुढे आली, तेव्हा बायकांनी कार्यकर्त्यांपाशी जे सांगितलं ते विश्वासानं सांगितलं. वाचणारी आपल्यातलीच असेल, हा तो विश्वास. नाव बदललं तरी गाव, कारखाना, मुलांची संख्या जोडून ओळख पटू शकते, हे आपण जाणतो आणि म्हणून छापताना जपतो. आता हे अंक कुणी प्रेमानं स्कॅन करून इंटरनेटवर ठेवले, तर मसुद्याच्या हिशेबानं तो ‘कायदेशीरपणे हाती आलेला’ मजकूर. त्यावर यंत्र शिकणार, आणि ती बाई नाही म्हणू शकणार नाही, आपणही नाही. थोडे पैसे मिळतील म्हणे.

स्त्रियांच्या चळवळीनं गेली पन्नास वर्षं एक गोष्ट घासून घासून सांगितली. गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, एकदा दिलेली संमती कायमची नव्हे, आणि पैसे दिल्यानं संमती तयार होत नाही. मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये जे म्हटलं, त्याविरुद्ध आपण रस्त्यावर आलो ते संमतीच्या अर्थासाठीच. शरीराबद्दलची ती गोष्ट आणि छापील मजकुराबद्दलची ही एक नव्हे, हे मान्य. पण नकाराचा हक्क काढून घेऊन त्याजागी मोबदला ठेवायचा, ही युक्ती आपल्या ओळखीची आहे. या व्यवस्थेत नकाराचा एकच मार्ग उरतो: छापू नका, कुणाला दाखवू नका. म्हणजे बायकांनी पुन्हा गप्प बसायचं.

इथं आपल्यातल्याच काहीजणी विचारतील, की मग सगळं कुलूपबंद करायचं का? नाही. यंत्राला ‘वाशी’ विचारून पहा. ते बहुधा खाडीकाठच्या नवी मुंबईत नेऊन सोडेल. धाराशिव जिल्ह्यात एक वाशी आहे, तिथल्या बायकांची एक बोली आहे, हे त्याला ठाऊक व्हायचं तर त्या बायकांचं बोलणं कुठूनतरी त्याच्यापर्यंत गेलं पाहिजे. उद्या सरकारी योजनेची माहिती, दवाखान्यातला सल्ला, मुलींचा अभ्यास हे सगळं या यंत्रांतून येऊ लागलं, आणि यंत्राला फक्त शहरी, पुस्तकी, पुरुषी मराठी येत असेल, तर तो तोटा आपलाच. ताराबाई शिंद्यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध १८८२ चा. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये तो पुन्हा छापेपर्यंत तो विस्मरणात पडला होता. कुलपात राहिल्यानं काय होतं, हे आपल्याला चांगलं माहीत आहे.

म्हणून प्रश्न कुणाला द्यायचं आणि कोणत्या अटीवर द्यायचं, हा आहे. इथं दुसरा कायदा येतो, २००२ चा स्पर्धा कायदा. बाजारात बलाढ्य असणं हा त्यात गुन्हा नाही, त्या बळाचा गैरवापर हा आहे, कलम ४. व्हॉट्सॲपनं २०२१ मध्ये ‘नव्या अटी मान्य करा, नाहीतर वापर सोडा’ असं सांगितलं, त्याबद्दल स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अपिलीय न्यायाधिकरणानं नोव्हेंबर २०२५ मध्ये माहिती वाटून घेण्यावरची पाच वर्षांची बंदी काढली, पण दंड कायम ठेवला. म्हणजे दुसरा मार्गच न ठेवता घेतलेला होकार खरा होकार नव्हे, हे निदान एका सरकारी आयोगानं मान्य केलं. त्याआधी जानेवारी २०२२ मध्ये वृत्तपत्रांच्या डिजिटल संघटनेच्या तक्रारीवरून आयोगानं गूगलची चौकशी लावली होती. आमच्या बातम्यांवर कमाई तुमची, आणि हिस्सा किती ते तुम्हीच ठरवणार, अशी ती तक्रार. ऑक्टोबर २०२५ मध्ये आयोगानं एआयच्या बाजाराचा अभ्यासही प्रसिद्ध केला. माहितीचे साठे आणि मोठे संगणक थोड्या कंपन्यांच्या हाती एकवटल्याची काळजी त्यात आहे.

पण या कायद्याचीही एक गंमत आहे. तो ‘बाजारा’तलं नुकसान मोजतो. आपलं त्रैमासिक बाजारात आहे का? वर्गणीवर कसंबसं निघतं. यंत्रानं केलेली देवीची गाणी हजारांनी इंटरनेटवर येऊ लागली आणि आराधी मेळ्यांच्या ध्वनिफितींना गिऱ्हाईक उरलं नाही, तर ते नुकसान कोणत्या बाजारातलं? आणि दहा छोट्या नियतकालिकांनी एकत्र बसून ‘आम्ही अमुक दराखाली देणार नाही’ असं ठरवलं, तर त्यालाच कलम ३ खाली दर संगनमतानं ठरवणं म्हणता येईल. एकट्या मोठ्या कंपनीनं दर लादला तर तिची ताकद सिद्ध करा, लहानांनी एकी केली तर संशय. कामगारांना युनियन करायचा हक्क मिळवावा लागला तसा हाही मिळवावा लागेल.

मसुद्याच्या बाजूनं एक मुद्दा खरा आहे. प्रत्येक लेखकाशी, प्रत्येक प्रकाशकाशी वेगळा करार करायचा म्हटलं, तर ते फक्त परदेशी बलाढ्य कंपन्यांनाच परवडेल. मराठीसाठी काही करू पाहणारी छोटी संस्था बाहेर पडेल. सर्वांना एकच परवाना आणि कमाईनंतर रॉयल्टी, यात लहानांना वाव आहे. बेंगळुरूची ‘कार्या’ ही संस्था गावातल्या लोकांचे आवाज नोंदवून घेते तेव्हा त्या कामाचे पैसे देते, आणि तो साठा पुढं विकला गेला तर त्यातही हिस्सा देते. असं करणाऱ्यांना जागा राहिली पाहिजे. म्हणून वर्तमानपत्रं, सिनेमा, विक्रीची पुस्तकं यांच्यासाठी हा सामाईक परवाना आम्हाला मान्य होण्यासारखा वाटतो. अत्याचाराच्या हकिगती, साक्षी आणि विश्वासानं सांगितलेल्या गोष्टी त्यातून पूर्ण वगळल्या पाहिजेत आणि तिथं नकार चालला पाहिजे. ज्या गाण्यांची कर्ती एक नाही त्यांचा हिस्सा ‘मालक सापडला नाही’ म्हणून मोठ्यांत वाटून न टाकता वेगळा काढावा. तो ओव्या, आराधी गाणी जपणाऱ्या बायकांच्या गटांकडे यावा. मध्यवर्ती संस्थेवर अशा गटांच्या प्रतिनिधी असाव्यात. ध्वनिमुद्रण वापरलं तर गायिकेचं नाव आणि गाव त्याच्याबरोबर राहिलं पाहिजे. आणि एकाच कंपनीला एखादा लोकसंग्रह एकहाती विकत घेता येऊ नये, हे स्पर्धा आयोगानं पाहावं.

कायदा व्हायची वाट न पाहता आपल्या हातात आहे ते करू या. यापुढं ध्वनिमुद्रण कराल तेव्हा सुरुवातीलाच गायिकेला तिच्याच तोंडून नाव, गाव, तारीख आणि कशासाठी संमती आहे ते बोलायला सांगा. सही येत नसली तरी चालेल, आवाज हाच पुरावा. अभ्यासासाठी, छापण्यासाठी, इंटरनेटसाठी आणि यंत्राला शिकवण्यासाठी अशा चार संमती वेगवेगळ्या विचारा. पहिल्या तीन ‘हो’ आणि चौथी ‘नाही’ असू शकते. जुन्या कॅसेटींचं काम जास्त अवघड आहे. फिती चिकटत चालल्या आहेत, गाणाऱ्या पुष्कळजणी राहिल्या नाहीत. ज्या आहेत त्यांच्याकडे, नाहीतर त्यांच्या लेकी-सुनांकडे जाऊन हे चार प्रश्न विचारायला हवेत.

आमच्याकडे असलेल्या कॅसेटींची यादी करायला घेतली आहे. तुमच्या गटाकडे, बचत गटातल्या कुणाकडे, एखाद्या निवृत्त शिक्षिकेच्या ट्रंकेत अशा फिती असतील तर कळवा. कोणत्या साली, कोणत्या गावात, कुणी गायल्या, एवढं पोस्टकार्डावर लिहिलंत तरी पुरे. फिती इतक्यात पाठवू नका, नुसती माहिती द्या. संमतीचा कागद कसा असावा याचा नमुना पुढच्या अंकात देऊ. त्यात काय असावं आणि काय नसावं, हेही त्याच पोस्टकार्डावर लिहा.